'विदाउट', 'चौथी सीट' आणि 'च'ची भाषा

शहाड स्टेशनच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत जरा कान देऊन उभे राहा. "तो विदाउट आहे," असे एखादे वाक्य ऐकू येईल. 'विदाउट' म्हणजे 'वाचून', 'शिवाय', हे तुम्ही इंग्रजीच्या तासाला शिकलाच आहात. मग तो माणूस कशावाचून आहे? तिकिटावाचून! 'विदाउट तिकीट' या जोडीतला महत्त्वाचा शब्दच लोकांनी गाळला आणि उरलेल्या अव्ययाचे चक्क विशेषण करून टाकले. व्याकरणात हे बसत नाही. पण गाडीत बसते, आणि तेही फुकट!

कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की शहाड हे पहिलेच स्टेशन. सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी येथे येते ती बहुधा भरूनच. अशा गर्दीत नवे शब्द भराभर जन्मतात. तिघांच्या बाकावर कडेला जेमतेम टेकणाऱ्याची जागा ती 'चौथी सीट'. बसायला मिळावे म्हणून आधी उलट दिशेने जायचे आणि त्याच गाडीतून परत यायचे, याला म्हणतात 'रिटर्न मारणे'. जी गोष्ट रोज करायची तिचे लांबलचक वर्णन कोणाला परवडणार? म्हणून शब्द आखूड होतो, आणि त्यात थोडी थट्टा मिसळली की तो टिकतो.

काही शब्द मात्र जुनेच असतात, फक्त अर्थ बदलून येतात. कापड सैल पडले की त्याला झोल येतो. हिशेब सैल दिसला की तेथेही 'झोल'! फजिती झालेल्याचा 'पोपट' होतो. पोपटच का, कावळा का नाही, याचा तर्क तुम्हीच लढवा.

आता एक न हसण्याजोगे उदाहरण. कोणी वेड्यासारखे वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे आपल्याकडे म्हणतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुण्याकडे हाच मान येरवड्याला मिळतो. लंडनमध्येही असेच घडले. तेथील बेथलेम ही संस्था १२४७ साली स्थापन झाली. पुढे तेथे मनोरुग्णांना ठेवू लागले, आणि तिच्या नावाच्या अपभ्रंशातून इंग्रजीत 'बेडलम' म्हणजे गोंधळ हा शब्द रूढ झाला. मनाचा आजार हा तापाइतकाच खरा. पण इस्पितळाच्या नावाचीच थट्टा होऊ लागली, तर उपचारांची गरज असलेला माणूस तेथे जायला कचरतो. हा शब्द वापरणे सोडले तर भाषेचे काही अडणार नाही.

शब्द नवे करण्याऐवजी जुनेच उलटेपालटे करण्याची युक्तीही मोठी मजेची आहे. फ्रान्समधली मुले शब्दातील अवयवांची अदलाबदल करून बोलतात. इंग्रजीत 'बॉय'ची अक्षरे उलटी वाचून 'यॉब' म्हणजे दांडगट मुलगा हा शब्द झाला आणि थेट शब्दकोशात जाऊन बसला. आपली 'च'ची भाषा याच जातीची. शब्दातील पहिले व्यंजन काढून तेथे 'च' ठेवायचा, त्याचा स्वर तसाच राखायचा आणि काढलेले व्यंजन शेवटी जोडायचे. 'गाडी'चे 'चाडीग', 'लोकल'चे 'चोकलल', 'शहाड'चे 'चहाडश'. आता 'च'नेच सुरू होणारा शब्द आला तर काय होईल, ते कागदावर करून पाहा.

आणि हे वाक्य सोडवा: चाडीग चुटलीस, चाझाम चोपटप चालाझ.