‘गोड बंद’ : एका वैद्यकीय आज्ञेचा अर्थविचार

मधुमेहाचे निदान झालेल्या मराठीभाषी रुग्णास जी पहिली आज्ञा मिळते ती बहुधा दोन शब्दांची असते : ‘गोड बंद’. वैद्याच्या दृष्टीने ती स्पष्ट असते व रुग्णही ती आपल्यास समजली असे मानून घरी जातो. वस्तुतः या दोन शब्दांपैकी पहिला शब्द मराठीतील अत्यंत अनेकार्थी शब्दांपैकी एक होय. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, जेथे भात हे मुख्य अन्न आहे आणि रानातून येणारा मेवा हा खाऊचा मोठा भाग आहे, तेथे या अनेकार्थतेचे परिणाम केवळ कोशकाराच्या चिंतेचे राहत नाहीत. या आज्ञेने रुग्ण काही निरुपद्रवी पदार्थांस अकारण मुकतो, काही उपद्रवी पदार्थ निःशंकपणे खात राहतो, आणि एका विशिष्ट प्रसंगी तर ती अक्षरशः पाळणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

प्रथम शब्दाकडे पाहावे. ‘गोड’ आणि ‘गूळ’ या दोहोंचे नाते संस्कृत ‘गुड’ या शब्दाशी आहे; परंतु मराठीत ‘गोड’ गुळापासून फार दूर गेला आहे. गोडे पाणी म्हणजे खारे नव्हे ते पाणी. गोडे तेल म्हणजे खाण्यास योग्य ते तेल. गोडे वरण व गोडा मसाला यांत साखरेचा प्राधान्याने संबंध नाही. ‘आज जेवण गोड लागले नाही’ असे म्हणणारा मनुष्य पक्वान्नाविषयी बोलत नसतो. अन्नाची रुची गेली, एवढेच त्यास सांगावयाचे असते. तेव्हा ‘गोड बंद’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानावर ‘रुचकर ते सारे बंद’ असे पडले तर त्यात नवल नाही. साखर न घातलेल्या चहास मराठीत ‘फिका’ म्हणतात, आणि हाच शब्द उडालेल्या रंगास व कमी पडलेल्या मनुष्यासही लावतात. पथ्याच्या पदार्थांस भाषेने दिलेली नावे अशी उणिवेची आहेत. पथ्य फार काळ टिकत नाही याची कारणे शोधताना या नावांचाही विचार व्हावयास हवा.

रोगाच्या नावातही गोडी आहे, पण ती आहाराची नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील वातज प्रमेहांत गणला आहे. नाव पडले ते मूत्राच्या लक्षणावरून. इ. स. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने रुग्णाचे मूत्र आटवून मागे राहणारा पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखविले. म्हणजे ‘मधु’ हे शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रव्याचे वर्णन होते. आत जाणाऱ्या अन्नाच्या चवीशी त्याची सांगड पुढे लोकव्यवहाराने घातली, आणि ‘शुगर’ हा इंग्रजी शब्द रोगाचे नाव म्हणून रूढ झाल्यावर ती अधिकच घट्ट झाली. ‘त्याला शुगर आहे’ आणि ‘त्याला साखर चालत नाही’ ही दोन वाक्ये आज एकाच अर्थाची समजली जातात.

रक्तातील साखर मात्र जिभेचा कौल घेत नाही. तांदळातील पिष्ट पचनात मोडून त्याचे ग्लुकोज होते व ते रक्तात शिरते. ते किती वेगाने शिरते हे महत्त्वाचे. १९८१ साली टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेग मोजण्याचे एक मान मांडले. त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० धरतात. पांढरा भात सामान्यतः ७० च्या आसपास किंवा त्याहून वर येतो. हरभरा पुष्कळ खाली, बहुधा ४० च्या आत राहतो. तांदळाचा दाणा फुलविला म्हणजे त्यातील पिष्ट पचनास अधिक सुलभ होते. म्हणून मुरमुरे, जे चवीला गोड नाहीत व हाताला हलके लागतात, ते या बाबतीत हलके नाहीत.

झाडीपट्टीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा हा सारा धानाचा मुलूख. एच. एम. टी. हे प्रसिद्ध बारीक वाण निवडून वाढविणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे. अशा प्रदेशात सकाळी पोहे, दुपारी भात, सायंकाळी मुरमुऱ्यांचा चिवडा आणि रात्री पुन्हा भात खाणारा रुग्ण ‘मी गोड सोडले आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि तपासणीचा आकडा खाली येत नाही याचे त्यास कोडे पडते. त्याने आज्ञा मोडलेली नसते. ‘फराळ’ या शब्दाची कथाही अशीच आहे. मूळ ‘फलाहार’, आता त्यात फळाचा मागमूस नाही, चिवडा, शेव, करंजी हेच फराळ.

याउलट काही पदार्थ गोड असून ‘रानचे’ म्हणून मोकळे सुटतात. त्यांतील प्रमुख मोह. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची मांसल फुले झाडाखाली पडतात व घरातील सर्व माणसे ती वेचावयास निघतात. सुकविलेले फूल भाजून खातात, त्याचे लाडू करतात, आणि अलीकडे त्याचे सरबत व मुरंबाही विकावयास येऊ लागले आहेत. ‘मोह’ हा शब्द संस्कृत ‘मधूक’ यावरून प्राकृत ‘महुअ’ या पायरीने आला. म्हणजे रोगाच्या नावात जो ‘मधु’ आहे, तोच या वृक्षाच्या नावातही दडला आहे. उच्चार झिजल्यामुळे मराठीभाषकास तो ऐकू येत नाही, इतकेच. सिरोंचाकडील तेलुगूभाषक या वृक्षास ‘इप्प’ म्हणतात. तमिळमध्ये ‘इलुप्पै’, आणि गोंडीतील ‘इरुप’, ‘इर्पु’ ही रूपेही त्याच द्राविडी कुळातील. या नावांत मध कोठेच नाही. नाव कोणतेही असो, सुकलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. मोहाचे लाडू ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेही व्यक्तीने मनसोक्त खाणे यात भाषेने केलेली फसवणूक आहे. गुळाच्या बाबतीतही तेच, कारण गुळाचा मुख्य घटक साखरच होय. परंतु म्हणून मोह वर्ज्य ठरत नाही. मनुकांप्रमाणे त्याची गणना करावी : चार-सहा भाजलेली फुले मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाल्ली तर चवही मिळते व प्रमाणही राहते. मोह ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे त्यांच्या पानातून तो सरसकट काढून टाकण्यास सांगणे हे आहारशास्त्र नव्हे, उतावीळपणा होय.

रानातील इतर मेव्याविषयी थोडक्यात सांगता येते. चारोळी गोडसर लागते, पण तीत साखर अल्प व स्निग्धांश विपुल. चिमूटभर पुरते, आणि तिची किंमतच तिचे प्रमाण राखते. आवळ्यात गोडी नाही, पण आवळा खाऊन पाणी प्याले की पाणी गोड लागते. मधुमेहीस ही गोडी फुकट मिळते. त्याच आवळ्याचा मोरावळा केला की साखरेच्या पाकाचाच पदार्थ झाला. जांभूळ व टेंभुर्णीची फळे मूठभर खावयास हरकत नाही; जांभळाच्या बीमुळे औषध सोडता येते ही समजूत मात्र टाकून द्यावी. तळ्यातील शिंगाडा उकडून खाल्ला तर बेताचा खाऊ होतो, परंतु वाळलेल्या शिंगाड्याचे पीठ जवळजवळ पिष्टच. उपवासाचा पदार्थ पथ्याचाही असतो, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

पथ्याची खरी कसोटी लागते ती दिवाळीनंतर. गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक असते. झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र. अशा रात्री प्रेक्षकाच्या तोंडाला चाळा हवा असतो. तेथे चणे-फुटाणे हा पर्याय उत्तम होय : दर १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, मुरमुऱ्यांत सुमारे ७. भाजलेल्या शेंगा, हरभऱ्याच्या घुगऱ्या, आणि हिवाळ्यात धुऱ्यावरच्या तुरीच्या मिठात उकडलेल्या शेंगा हे सारे त्याच पंक्तीतील. हे पदार्थ कोणी पथ्याचे म्हणून खात नाही, आवडीने खातात. त्यामुळे रुग्णास चारचौघांत वेगळे बसावे लागत नाही. यजमानाने आग्रहाने करंजी पुढे केली तर अर्धी घ्यावी, ती जेवणाच्या शेवटी घ्यावी, रिकाम्या पोटी नव्हे, आणि त्या मानाने भात कमी करावा. बाजारातील ‘शुगर-फ्री’ बिस्किटांवर मात्र भिस्त ठेवू नये. त्या शब्दाने फक्त साखर नाकारली जाते. मैदा तसाच राहतो.

आता तो विशिष्ट प्रसंग. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा रुग्ण औषध घेऊन उपाशीपोटी पहाटे मोह वेचावयास, अथवा उन्हाळ्यात तेंदूपाने तोडावयास निघाला, तर श्रमाने रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर त्या क्षणी गोड हेच औषध होय : साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सुधारणा नसल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. शेंगदाणे किंवा फुटाणे येथे निरुपयोगी. इतर वेळी त्यांचा जो गुण, म्हणजे सावकाश पचणे, तोच येथे दोष ठरतो. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. ज्याच्या मनावर ‘गोड बंद’ हे शब्द कोरले गेले आहेत तो, आणि त्याहून अधिक त्याच्या घरची माणसे, अशा वेळी साखरेचा डबा पुढे करण्यास कचरतात.

म्हणून आज्ञेचे शब्द बदलावयास हवेत. ‘भात, पोहे, मुरमुरे मोजून, साखर, गूळ, मोह चवीपुरते, चणे, शेंगा, आवळा खाऊ म्हणून, आणि रानात जाताना कनवटीला साखरेची पुडी’ : एवढे वाक्य दवाखान्याच्या चिठ्ठीवर सहज मावते. तेच वाक्य गोंडी, माडिया व तेलुगूत कसे उतरवावे, आणि ‘गोड’ या शब्दास त्या भाषांतून कोणता अर्थपरिघ आहे, हे त्या त्या भाषकांना विचारून ठरवावे लागेल. मराठी शब्दाचा साचा त्यांवर लादून ते होणार नाही.