झरोक्यामागचा तिसरा माणूस

ज्याँ जेने या फ्रेंच साहित्यिकाने आयुष्यात एकच चित्रपट दिग्दर्शित केला. १९५० सालचा, जेमतेम पंचवीस-सव्वीस मिनिटांचा हा कृष्णधवल मूकपट म्हणजे ‘अं शां दामूर’, अर्थात ‘प्रेमगीत’. चोरीच्या गुन्ह्यांपायी अनेकदा तुरुंगवास भोगलेल्या जेनेला कोठडीचे जग परके नव्हते. चित्रपटात शेजारशेजारच्या कोठड्यांत दोन पुरुष कैदी आहेत आणि मध्ये जाड भिंत. भिंतीतील बारीक छिद्रातून गवताची काडी सरकते. एक कैदी तिच्यातून सिगारेटचा धूर सोडतो, दुसरा तो ओठांनी टिपून घेतो. स्पर्शाला पारख्या झालेल्या माणसांची ओढ इतक्या थोड्या साधनांनी क्वचितच कोणी दाखविली असेल.

परंतु येथे तिसराही एकजण आहे. दाराच्या झरोक्यातून डोकावणारा पहारेकरी कोठडीमागून कोठडी न्याहाळतो, अस्वस्थ होतो आणि अखेर आत शिरून कैद्याला पट्ट्याने झोडपतो. जे दडपण्यासाठी त्याची नेमणूक, त्याच वासनेने तो पछाडलेला आहे.

चित्रपटात नग्नता आहे, उघड कामचेष्टा आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे तो वर्षानुवर्षे संग्राहकांच्या कपाटांत आणि चोरट्या खेळांतच राहिला. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये तो दाखविल्याबद्दल जोनास मेकस या चित्रपटकाराला अटक झाली. बर्कले येथे पोलिसांनी जप्तीची धमकी दिली, तेव्हा तेथील आयोजकाने स्वतःच न्यायालयात धाव घेतली. १९६६ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकालपत्रात दृश्यांचे तपशीलवार वर्णन करून चित्रपट अश्लील ठरविला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

समाजाला मर्यादा हव्यात आणि त्या राखणारे कोणीतरी हवे, हा युक्तिवाद टाकाऊ नाही. मात्र मर्यादा राखणाऱ्याला आधी डोकवावेच लागते. जे पाहून सामान्य प्रेक्षक बिघडेल, ते पाहूनही आपण निर्लेप राहतो, असे गृहीत धरल्याखेरीज त्याला निवाडा देताच येत नाही. जेनेने बोट ठेवले ते नेमके या गृहीतकावर, आणि तेही खटला उभा राहण्याच्या कितीतरी वर्षे आधी.

चित्रपटभर एका खिडकीतून दुसरीकडे झुलणारा फुलांचा हार पुन्हापुन्हा हातून निसटत राहतो. अखेरीस तो शेजारच्या हाती लागतो. भिंत तशीच उभी असते, शिक्षाही संपलेली नसते. पण पहाऱ्याला जे रोखता आले नाही, ते प्रेक्षकाने पाहिलेले असते.