मंडईपासून द्राक्षमळ्यांपर्यंत

आफ्रिकेंत वाटाड्यासह रानांतून व द्राक्षमळ्यांतून सायकलप्रवास घडवितात, हें ऐकून आमच्या घरच्या तरुणांनीं हट्ट धरला. आफ्रिका दूर, जुन्नर जवळ! फाल्गुनांतल्या एका पहाटे १८८६ सालच्या मंडईच्या मनोऱ्याखालून आम्ही निघालों. खेडच्या घाटांत सायकली हातीं धरून चालावें लागलें, हें कबूल केलेलें बरें.

दुसऱ्या दिवशीं नारायणगांव गांठलें. एके काळीं येथील द्राक्षांची वाइन परदेशीं जात असे. आम्ही घडांवरच संतुष्ट राहिलों. सूर्य कलतांच वाटाड्यानें पुढें जाण्यास साफ नकार दिला. तरुण मंडळी रुसली. परंतु या भागांतील बिबट्या उंसाच्या फडांतच राहतो, तेथेंच पिलें वाढवितो. शिवाय अंधारापूर्वीं मुक्काम गांठण्याचा शब्द आम्ही आजींना दिला होता. सकाळीं मळ्याच्या बांधावर पंजांचे ताजे ठसे दिसले. त्या दिवशीं वाटाड्याच्या पुढें कोणी गेलें नाहीं.