केकवरचे फूल

वाढदिवस असो वा नाताळ, केक समोर आला की मुलाचा हात प्रथम वरच्या गुलाबी फुलाकडे जातो. अणशीसारख्या घाटावरील गावातही आता केक परका राहिलेला नाही. "डॉक्टर, केक दिला तर चालेल ना?" असे पालक विचारतात. त्या फुलाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हे फूल बटरक्रीमचे. एक भाग लोणी व दोन भाग पिठीसाखर फेसून, सोऱ्यातून चकली पाडावी तसे ते नोझल लावलेल्या पिशवीतून पाडतात. म्हणजे वजनाने दोन तृतीयांश साखरच! चाळीस ग्रॅम सजावटीत सुमारे २७ ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार हजार उष्मांक घेणाऱ्या बालकासाठी दिवसाची कमाल मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास ठरते.

दुसरा प्रश्न उष्म्याचा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. आपल्याकडील दुपारी त्याच्या पाकळ्या टिकत नाहीत. म्हणून अनेक बेकऱ्यांत लोण्याची जागा वनस्पती तुपाने घेतली, नाव मात्र 'बटर आयसिंग' हेच राहिले. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पतीतील ट्रान्स फॅट हृदयास घातक असते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्के आहे. तथापि, संपृक्त चरबी उरतेच.

तिसरा प्रश्न रंगाचा. २०२४ मध्ये कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले; त्यांतील १२ कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरले. काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या चंचलतेशी संबंध २००७ मधील साउदम्प्टनच्या अभ्यासात आढळला होता. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक आहे.

तेव्हा भर उन्हात ताठ उभे राहणारे आणि जीभ रंगवणारे फूल दिसले, तर ते कशाचे आहे हे बेकरीत अवश्य विचारावे. शक्य तर घरीच खऱ्या लोण्याची सजावट करावी. केक पूर्ण गार झाल्यावर, संध्याकाळी, लहान लहान फुले पाडावीत. हाताच्या उष्णतेने पिशवी मऊ पडली, तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. रंगासाठी बिटाची पूड वा चिमूटभर हळद पुरते. सजावटीचे कडक चंदेरी मणी लहानग्यांच्या घशात अडकू शकतात, ते टाळावेत. दोन वर्षांखालील बाळाला फूल देऊच नये. मोठ्या मुलांना एखादे फूल खुशाल द्यावे. सणाचा आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही.