अपिस्टोची जोडी घेण्याआधी १५ दिवस आर्टेमिया उबवून बघा



व्हिडिओमध्ये आपण अपिस्टोच्या टाकीचा सेटअप बघितला. पण पैशांचा भाग मी घाईत उरकला, आणि खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून आज तेवढंच, जरा निवांत.

मागच्या महिन्यात एक जण दुकानात आला. वय २५-२६, हातात वहीचं पान. पानावर हिशोब: १० जोड्या, प्रत्येकीची महिन्याला ८० पिल्लं, एका पिल्लाचे १५० रुपये. एकूण १,२०,००० रुपये महिना. म्हणाला, "सर, निम्मे जरी सुटले तरी नोकरी सोडतो. राजीनामा टाइप करून ठेवलाय." मी म्हटलं, "आधी बस, चहा घे."

त्याचा गुणाकार बरोबर होता. पण त्यातला एकही आकडा बरोबर नव्हता. कसं ते एकेक करून सांगतो.

आधी मासा कोणता ते स्पष्ट करू. ड्वार्फ सिक्लिड म्हटलं की बहुतेक लोक जर्मन ब्लू रॅम मागतात. दिसायला सुंदर, पण फार्मवरून आलेले रॅम नाजूक असतात, २८-३० अंश पाणी मागतात आणि स्वतःची अंडी वारंवार खातात. नवीन माणसाला मी कॉकटू अपिस्टो सुचवतो, म्हणजे अपिस्टोग्रामा काकाटुऑइडीस. हा मूळचा पेरू, ब्राझील भागातल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. नराच्या पाठीवरचे पर काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात म्हणून हे नाव. नर साधारण ८ सेंटिमीटर, मादी ५ च्या आसपास. बाजारात 'डबल रेड', 'ट्रिपल रेड' म्हणून मिळतात ते रंग पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेले आहेत. टाकीत वाढलेली ही जात आपल्या नळाच्या पाण्याशी बऱ्यापैकी जुळवून घेते.

अंडी मिळवणं अवघड नाही, हे आधी मान्य करून टाकतो. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, स्पंज फिल्टर, तळाला बारीक वाळू, थोडं जावा मॉस. नारळाची करवंटी पालथी घालून कडेला मादी जाईल एवढंच भोक पाडायचं. करवंटी नसेल तर मातीचं बोळकं आडवं ठेवा. देशी बदामाची दोन वाळलेली पानं टाका, पाणी चहासारखं फिकट होतं आणि त्यांना ते आवडतं. गोगलगायी काढा, त्या अंडी खातात. जोडीला चांगलं खायला मिळालं की एक दिवस मादी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि नराला बोळक्याजवळ फिरकू देत नाही. समजा, आत छताला लालसर अंडी चिकटली आहेत. छोट्या टाकीत ती नराला मारून कोपऱ्यात घालते, तेव्हा नराला दुसरीकडे हलवा.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर मात्र अंडी पांढरी पडून बुरशी धरते. टीडीएस मीटर घ्या, महाग नाही. आकडा खूप वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आणि पहिल्या एक-दोन वेळा मादीने अंडी खाल्ली तर जोडी बदलायला धावू नका, तीही शिकत असते.

२६ अंशाला तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अंडी दिल्यापासून साधारण आठ-नऊ दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. आई पुढे आणि पिल्लांचा पुंजका मागे, हे दृश्य बघून माणूस या छंदात कायमचा अडकतो. मीही तसाच अडकलो.

आता हिशोबाकडे.

पहिला आकडा, ८०. त्या दिवशी पिल्लांना डोळ्यांनी नीट दिसणार नाही एवढं बारीक आणि जिवंत खाणं लागतं, तेही दिवसातून दोन-तीन वेळा. पावडर फूड चालेल का, असं मला रोज विचारतात. पावडरवर काही जगतात, बाकीची दोन-तीन दिवसांत गायब होतात आणि टाकीचं पाणी खराब होतं ते वेगळंच. खरं उत्तर आर्टेमिया. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, थोडी अंडी, खालून जोरात हवा, वर दिवा, आणि पाणी २६ ते २८ अंश. २४ ते ३० तासांत नारिंगी ठिपके वळवळताना दिसतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, ठिपके खाली उजेडाकडे जमतात. ते नळीने काढून सुती कापडात गाळायचे, साध्या पाण्याने धुवायचे आणि द्यायचे. उबल्यावर काही तासांत त्यांच्यातला कस कमी होत जातो, म्हणून रोज ताजे लागतात. म्हणजे दोन बाटल्या, आज ही, उद्या ती. असं किमान महिनाभर, एकही दिवस खाडा न करता. लग्नाला गावी जायचंय? मग पिल्लांना कोण घालणार ते आधी ठरवा.

(आर्टेमियाचा डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचा. घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे तो एकदा मसाल्याच्या डब्यांत गेला होता.)

पिल्लांचं पोट नारिंगी दिसलं तर पोचलं, नाही दिसलं तर उपाशी. इतकं सरळ आहे. रोज सगळं नीट केलं तरी ६०-८० अंड्यांमधून विकण्याजोगे २५-३० हाती आले, तर मी नवीन माणसाची पाठ थोपटतो.

दुसरा आकडा, 'महिन्याला'. अंडी महिन्या-दीड महिन्याने मिळू शकतात, पण मासा महिन्याने विकता येत नाही. नर-मादी ओळखू येईपर्यंत दोन-अडीच महिने आणि रंग भरेपर्यंत तीन-चार महिने जातात. तोपर्यंत ती बॅच एक टाकी अडवून बसते. दर महिन्याला नवी बॅच आली तर एका जोडीमागे तीन-चार टाक्या लागणार. दहा जोड्या म्हणजे ३०-४० टाक्या. त्याच्याकडे जागा होती ती एक बाल्कनी. बीबीएला आम्ही 'वर्क इन प्रोग्रेस' नावाचा धडा पाठ केला होता, पण मला तो कळला माझ्या टाक्या भरल्यावर. माल तयार होतोय, खातोय, पाणी मागतोय, लाइट बिल वाढवतोय आणि गल्ल्यात काही नाही. पहिले चार महिने फक्त पैसे जातात, हे धरूनच चाला.

तिसरा आकडा, १५० रुपये. ही त्याने दुकानाच्या पाटीवर वाचलेली किंमत. मी स्वतः दुकानदार आहे, स्पष्ट सांगतो, मी पाटीच्या निम्म्याच्या आत घेतो. कारण माझ्याकडे आल्यावर काही मरतात, काही महिनाभर पडून राहतात. शिवाय कोलकात्याहून आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागातून बॉक्स भरून माल येतो, त्याच्या दराशी तुमची तुलना होणारच. समजा ७० रुपये मिळाले, तर ३० माशांचे २,१०० रुपये. चार महिन्यांनी. त्यातून आर्टेमिया, वीज आणि मूळ जोडीचे पैसे वजा करा.

म्हणजे यात पैसे नाहीत का? आहेत, पण 'जोडी' विकण्यात. खात्रीची, घरच्या पाण्यात वाढलेली, रंग दिसणारी जोडी गिऱ्हाईक थेट तुमच्याकडून चांगल्या भावाने नेतो. दुकानदारही अशा मालाला घासाघीस कमी करतो, कारण तो मरत नाही. आणि इथेच माझा स्वतःचा सगळ्यात महाग धडा आहे.

एका वर्षी मी एप्रिलमध्ये तीन बॅच काढल्या. पिल्लं भराभर वाढली, मी खूश. जुलैमध्ये नर-मादी वेगळे करायला बसलो तर नरच नर. मला वाटलं आपलंच ओळखण्यात चुकतंय. नव्हतं चुकत. अपिस्टोमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर बरंच अवलंबून असतं. रोमर आणि बायसेनहेर्ट्झ या जर्मन संशोधकांनी १९९६ साली हे प्रसिद्ध केलं. त्यांनी अपिस्टोग्रामाच्या अनेक जाती २३, २६ आणि २९ अंशांना वाढवून बघितल्या. थंड पाण्यात माद्या जास्त, गरम पाण्यात नर जास्त. माझ्या टाक्या एप्रिलमध्ये ३०-३१ वर होत्या. ३० माशांत ५ माद्या असतील तर जोड्या पाचच होतात. उरलेले २० नर एकमेकांचे पर फाडत बसतात आणि शेवटी मिळेल त्या भावाने जातात.

तेव्हापासून माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. दिवाळीनंतर जोड्या लावायच्या, फेब्रुवारीच्या शेवटी थांबायचं. हिवाळ्यात पाणी २१-२२ ला उतरतं, ते हीटरने २६ ला आणणं स्वस्त पडतं. उन्हाळ्यात ३१ चं २६ करायला चिलर लागतो, तो या धंद्याला परवडत नाही. पाण्यावर पंखा सोडून दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि रोज भर घालावी लागते. उन्हाळ्यात जुन्या जोड्यांना विश्रांती द्या आणि नवा नर शोधा, तोही बाहेरचा. एकाच बॅचमधल्या भावाबहिणींच्या जोड्या लावत गेलात तर दोन-चार पिढ्यांत माल बारीक आणि वाकडा निघायला लागतो.

योजनांबद्दल विचारतात म्हणून एक ओळ. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत मासे युनिटसाठी ३ लाखांचा खर्च धरलेला होता आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. सध्या अर्ज सुरू आहेत का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण एक बॅच विकून झाल्याशिवाय अनुदानाच्या भरवशावर टाक्या घेऊ नका.

त्या मुलाला मी जोडी विकली नाही. आर्टेमियाचं छोटं पाकीट दिलं आणि म्हटलं, १५ दिवस रोज उबव, रोज सकाळी फोटो पाठव, मग बोलू. पाचव्या दिवशी फोटो आला नाही. रात्री लाइट गेली, हवा बंद पडली आणि बाटली सकाळपर्यंत सडली होती. टाकीत पिल्लं नव्हती म्हणून गेली ती फक्त चमचाभर अंडी. आता त्याने बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतलाय आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलीय. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे, आणि त्याच्यासाठी बाजूला काढलेली जोडी माझ्या टाकीत.