शेंपूट वळवळतें तेव्हां

क्रिकेटच्या सामन्यांत पहिले सहा-सात गडी तंबूंत परतले कीं, घरांतील निम्मी मंडळी दूरचित्रवाणी बंद करण्याची भाषा बोलूं लागते. "आतां काय, शेंपूट उरलें!" असें म्हणून आजोबा वर्तमानपत्र उघडतात, काकू स्वयंपाकघराकडे वळतात. परंतु आमच्या मतें पाहणाराचें खरें भाग्य पुष्कळदां याच घटकेला उघडतें. आणि हंगाम संपत आला असून एका पराभवानें सारी मेहनत मातीस मिळणार असेल, तर त्या रंगतीला तोडच नाहीं.

रणजी करंडकाचा २०२३-२४ चा हंगाम ज्यांनीं अखेरपर्यंत पाहिला, त्यांस हें निराळें सांगणें नलगे. मुंबईनें हा करंडक तोंपर्यंत एकेचाळीस वेळां जिंकला होता. पण शेवटचा जिंकला तो २०१५-१६ सालीं. कर्णधार अजिंक्य रहाणे हा डोंबिवलींत वाढलेला, तुषार देशपांडे कल्याणचा, आणि शार्दूल ठाकूर तर पालघरचा. खेळाच्या सामानाची अवजड पिशवी खांद्यावर घेऊन सकाळच्या लोकलमध्यें शिरणें हें काय दिव्य असतें, तें आमचे ठाणें-कल्याणकडील वाचक जाणतातच. देशपांडे लहानपणीं शिवाजी पार्कवर निवडीसाठीं गेला तो फलंदाज म्हणून. परंतु फलंदाजांची रांग लांबलचक पाहून तो गोलंदाजांच्या रांगेंत जाऊन उभा राहिला!

या रांग बदललेल्या गृहस्थानें फेब्रुवारी २०२४ मध्यें बडोद्याविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यांत अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धांवा काढल्या. दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियन १२० धांवांवर नाबाद राहिला. दोघांची भागीदारी २३२ धांवांची. शेवटच्या जोडीचा रणजींतील विक्रम अवघ्या एका धांवेनें हुकला. दहाव्या व अकराव्या अशा दोन्ही फलंदाजांनीं एकाच डावांत शतकें ठोकण्याचा प्रकार प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें त्यापूर्वीं एकदांच घडला होता. १९४६ सालीं लंडनच्या ओव्हल मैदानावर चंदू सरवटे व शुटे बॅनर्जी यांनीं सरे परगण्याच्या संघाविरुद्ध तो पराक्रम केला होता.

तथापि बडोद्याच्या सामन्यांत कौतुक होतें, धाकधूक नव्हती. कारण पहिल्या डावाची आघाडी मुंबईच्या पदरांत आधींच पडली होती. खरी धाकधूक मार्चच्या आरंभीं, तामिळनाडूविरुद्धच्या उपान्त्य सामन्यांत. प्रतिपक्षाला १४६ धांवांत गुंडाळूनही साई किशोरच्या फिरकीपुढें मुंबईचे सात गडी १०६ वर बाद! अशा वेळीं ठाकूर आला. अशा डावांत पाहणाराची आशाही कशी पावलापावलानें धीट होते पाहा. प्रथम वाटतें, निदान आघाडी तरी मिळो, ती मिळाली कीं पन्नास अधिक हवे होतात, मग शंभर. दरम्यान घरांत कोणी जागचें हालावयाचें नाहीं, असा अलिखित नियम सुरू झालेला असतो. पदवीधर मंडळीही तो निमूटपणें पाळतात! ठाकूरनें १०९ धांवा केल्या, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हें त्याचें पहिलेंच शतक. हार्दिक तामोरेनें त्याला शंभराहून अधिक धांवांच्या भागीदारींत साथ दिली. पुढें कोटियन ८९ वर नाबाद राहिला, देशपांड्यासह शेवटच्या गड्यासाठीं पुन्हां ८८ धांवा निघाल्या, आणि एकूण ३७८ झाल्या. मुंबईनें एक डाव व सत्तर धांवांनीं सामना जिंकला.

असें होऊं शकतें याचें कारण या खेळाच्या रचनेंतच आहे. फुटबॉलांत वा कबड्डींत आघाडीवरील संघाला घड्याळाचा आश्रय असतो; येथें शेवटचा गडी बाद केल्यावांचून डाव संपत नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉलचेंही तसेंच. १९५१ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क जायंट्स हा संघ डॉजर्सच्या साडेतेरा सामन्यांनीं मागें होता. त्यानें शेवटच्या ४४ पैकीं ३७ सामने जिंकून बरोबरी गांठली. मग निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावांत, दोन धांवांनीं मागें असतां, बॉबी थॉमसन याच्या एका फटक्यानें तीन धांवा झाल्या आणि हंगामाचा निकालच फिरला. तेथील लोक ती गोष्ट अजून सांगतात यांत नवल नाहीं.

अंतिम सामना वानखेडे मैदानावर विदर्भाशीं झाला. तेथेंही सहा गडी १११ वर गेल्यावर ठाकूरच्या ७५ धांवांनींच मुंबई २२४ पर्यंत पोंचली. हंगामभर बॅट रुसलेल्या रहाणेनें दुसऱ्या डावांत ७३ काढल्या. विदर्भापुढें ५३८ धांवांचें अशक्यप्राय लक्ष्य उभें राहिलें, आणि आम्ही मनांतून निकाल लावून टाकला. पण १४ मार्चला, पांचव्या दिवशीं, कर्णधार अक्षय वाडकर व हर्ष दुबे यांनीं उपाहारापर्यंत एकही गडी पडूं दिला नाहीं. आम्ही मुंबईचे अभिमानी खरे. परंतु त्या दोन तासांत समोरच्या मराठी मुलांची जिद्द पाहतांना आमचे प्राण कंठाशीं आले, तसेंच, कबूल करावयास हरकत नाहीं, थोडें बरेंही वाटलें. १३० धांवांची भागीदारी झाली. मग शतक पुरें करून वाडकर ३५३ वर गेला, आणि पुढच्या पंधरा धांवांत सारा डाव आटोपला. शेवटचा बळी घेतला धवल कुळकर्णीनें, आपल्या अखेरच्या सामन्यांत. मुंबईचा हा बेचाळिसावा करंडक.

विदर्भाला मात्र फार काळ थांबावें लागलें नाहीं. पुढच्याच हंगामांत, फेब्रुवारी २०२५ मध्यें, नागपुरास याच दोन संघांची उपान्त्य फेरींत गांठ पडली. मुंबईला ४०६ धांवा हव्या होत्या. ठाकूरनें पुन्हां ६६ केल्या, खालचे गडी ३२५ पर्यंत झुंजले. पण त्या दिवशीं शेंपूट अपुरें पडलें. करंडक विदर्भानें नेला.