छत्तीस बाय चोवीस

कॅमेरा घरी आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तो हातात घेऊन तोलला आणि विचारलं, "एवढं ओझं गळ्यात घालून हिंडायचं या वयात?" शेजारच्या कॉलेजकुमाराने विचारलं, "काका, किती मेगापिक्सेल?" आईने काहीच विचारलं नाही. तिने फक्त किंमत ऐकली आणि देवापुढची वात सारखी करायला निघून गेली.

ही गोष्ट २०१७ सालची. कॅमेरा नवा नव्हता. पुण्यातल्या एका हौशी माणसाला त्याच्याहून नवं मॉडेल हवं होतं, म्हणून त्याचा नायकॉन डी-७५० मला परवडेल अशा भावात मिळाला. बारामतीच्या एस. टी. स्टँडवर उतरलो तेव्हा पिशवी पोटाशी धरून होतो. फुल फ्रेम कॅमेरा! कॅमेऱ्याच्या दुकानात हा शब्द असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला आपण आजवर अर्ध्या फ्रेममध्येच जगलो असं वाटावं.

गंमत अशी की आपण सगळे फुल फ्रेममध्येच वाढलो. तुमच्या बारशाचा, मुंजीचा, लग्नाचा फोटो छत्तीस फोटोंच्या रोलवर निघाला असेल, तर तो फुल फ्रेमच होता. ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन कारागिराने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धरून ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट पाडली. त्याचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला, आणि पुढची पाऊणशे वर्षं जगातली बहुतेक लेन्स याच चौकटीच्या मापाने घासली गेली. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा फिल्मच्या जागी सिलिकॉनची चकती बसवावी लागली. ती जेवढी मोठी, तेवढी एका तबकडीतून कमी निघते, आणि एखादा दोष आला की मोठा तुकडा वाया जातो. म्हणून कंपन्यांनी माप आखूड केलं. कॅननचा वन-डी-एस २००२ मध्ये पूर्ण मापाची चौकट घेऊन आला, पण तो आपल्यासारख्यांसाठी नव्हता. हौशी माणसाच्या आवाक्यात ती जरा आली २००५ च्या कॅनन फाइव्ह-डीमुळे, आणि नायकॉनवाल्यांना २००८ च्या डी-७०० पर्यंत वाट पाहावी लागली.

माझ्याकडे त्याआधी डी-९० होता. गुणी कॅमेरा, पण त्याची चौकट आखूड. १९९३ साली मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेल्या एफएम-टू कॅमेऱ्याबरोबर आलेली माझी ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर चढवली, की तिचे डोळे बारीक होत. चित्राच्या कडा कापल्या जाऊन ती ७५ ची असल्यासारखी वागे. त्यात मीटरही मुका व्हायचा, उजेडाचा अंदाज आपला आपणच करायचा. जुन्या घरातल्या माजघरात चार माणसं एका चौकटीत घ्यायची, तर मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागे. नव्या, म्हणजे माझ्यापुरत्या नव्या, कॅमेऱ्यावर ती लेन्स लावली आणि डोळा लावला, तेव्हा चोवीस वर्षांपूर्वीची ती मोकळी चौकट जशीच्या तशी दिसली. वय झालेल्या मित्राला नवा चष्मा लागावा तसं झालं. लेन्सचं कडं अजून तसंच मऊ फिरत होतं. त्या दिवशी मी घरातल्या पितळी डब्यांचे चाळीसेक फोटो काढले. ते कुणालाही दाखवलेले नाहीत.

या चौकटीचा खरा उपयोग कळला तो काटेवाडीला. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तिथे परीट समाजाची मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्यांचा कळप पालखीभोवती धावत सुटतो. पाहणाऱ्याच्या अंगावर धूळ, लोकर, टाळांचा आवाज आणि शेजाऱ्याचं कोपर एकदमच येतं. मागे सरकायला पाऊलभर जागा नसते. आखूड चौकटीत माझ्याकडे वर्षानुवर्षं मेंढ्यांची नुसती पाठ यायची, नाहीतर पालखीचा नुसता कळस. २०१८ च्या आषाढात पहिल्यांदा २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये पालखी, मेंढ्या, धनगराची काठी आणि दोन बायकांच्या डोक्यावरच्या तुळशी एकत्र बसल्या. फोटो थोडा वाकडा आहे. कोपर लागलंच होतं.

पाखरांच्या बाबतीत मात्र फुल फ्रेमने माझी चांगलीच जिरवली. बारामतीहून भिगवण तीसेक किलोमीटरच्या आत. तिथून पुढे कुंभारगाव, डिकसळ, डाळज अशी उजनीच्या फुगवट्याच्या काठची गावं. हिवाळ्यात पट्टकादंब येतात, चित्रबलाक, चमचे, मोर शराटी असतात. पाणी ओसरून उथळ झालं की रोहित पक्ष्यांचे थवे चिखलात माना उलट्या घालून चरू लागतात. छोट्या चौकटीचा जो तोटा माजघरात होतो, तोच इथे फायदा असतो. लांबचा पक्षी जवळ आल्यासारखा दिसतो. ५०० मिलिमीटरची लेन्स तिथे ७५० सारखी वागते. माझ्या फुल फ्रेममध्ये तोच रोहित एवढासा, काडेपेटीतल्या काडीएवढा. शेजारच्या होडीतला एक तरुण माझ्या निम्म्या किमतीच्या कॅमेऱ्यावर त्याचा डोळा टिपत होता, आणि मी अडीच किलोची लेन्स गुडघ्यावर पेलत क्षितिजाचे फोटो काढत होतो.

भरपाई होते ती उजेड कमी असताना. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल हे सांगायला नको. प्रकाशाचंही तसंच, आणि माझी परात वाटीच्या सव्वादोनपट मोठी. सकाळी धुकं असताना, सूर्य वर यायच्या आधी, जेव्हा इतर कॅमेऱ्यांच्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात, तेव्हा हा शांत राहतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात संध्याकाळी बाभळींमागे उभा असलेला चिंकारा मला याच कारणाने मिळाला. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. कडबनवाडीच्या माळावर मात्र खोकडाने मला तीनदा हुलकावणी दिली आहे.

आता ज्या फोटोबद्दल सांगायचं आहे, तो २०१९ च्या फेब्रुवारीतला. होडीवाला माझ्या ओळखीचा, पोटापुरती मासेमारी करणारा आणि हिवाळ्यात आमच्यासारख्यांना फिरवणारा. शे-सव्वाशे रोहित उथळ पाण्यात चरत होते. उडताना पंख उघडले की आतला गुलाबी आणि काळा रंग दिसतो. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. मलाही हवा होता. लांबून पक्षी लहान दिसतो म्हणून माझा जीव आधीच चिडलेला. मी त्याला म्हटलं, "दादा, जरा जवळ घ्या की. उठतील."

तो म्हणाला, "उठवू नये साहेब. उठलं की लांब जातंय पाखरू, मग निवांत चरत नाही."

मी वरचे पैसे द्यायची तयारी दाखवली. त्याच्या घरी लेकीच्या परीक्षेच्या फीचं चाललेलं होतं, हे तोच मघाशी बोलला होता. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने इंजिन सुरू केलं. थवा उठला. सेकंदाला सहाच्या वेगाने कॅमेरा वाजत राहिला. एक फोटो असा आला की तसा मी पुन्हा काढलेला नाही. काठापर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. उतरताना त्याने ठरलेलेच पैसे घेतले, वरचे परत दिले.

तो फोटो पुढे एका पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर छापून आला. नातेवाइकांचे फोन आले. दिनदर्शिका आमच्या स्वयंपाकघरात लागली. एके सकाळी आई चष्मा लावून तिच्यासमोर उभी होती.

"हे कुठलं रं?"

"उजनीचं पाणी. पळसदेवच्या बाजूला, डाळजच्या अलीकडं."

"मागं त्यो डोंगुळा दिसतोय त्यो?"

"हो."

"म्हंजी आमची मळीच की ही," ती म्हणाली. "हितं शाळू यायचा. पुरुषभर."

आईचं माहेर जुनं पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पण पाणी त्याच्या आधीपासूनच चढू लागलं होतं. नदीकाठची गावं माळावर येऊन बसली. पळसदेवही सोलापूर रस्त्याला आलं. पळसनाथाचं जुनं हेमाडपंती देऊळ मात्र पाण्यात राहिलं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी त्याच पाण्यावर दोन वर्षं होडीतून फिरत होतो, पाखरांची नावं पाठ करत होतो. आईला एकदाही विचारलं नव्हतं, की पाण्याखाली तुझं नेमकं काय काय आहे. ती मात्र बोलत सुटली, "गाव उठलं तवा तुझं मामा बैलगाडीवर दाराची चौकट घालून आलं. भिंती राहिल्या." हे 'उठलं' त्या दिवशी माझ्या कानाला फार लागलं. दिनदर्शिका वर्षभर तिथेच होती, पण मी महिन्याची पानं उलटताना वरच्या चित्राकडे बघेनासा झालो.

उजनीचं गणित बाहेरच्यांना जरा चमत्कारिक वाटतं. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. म्हणून आमच्याकडे धरण 'शून्य टक्के' झालं तरी डोळ्यांना समुद्र दिसतो, आणि खरा दुष्काळ पडला की धरण 'उणे' मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. पळसनाथाचं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं. बघायला गाड्या लोटल्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आत, मी आईला घेऊन गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला मामेभाऊ. जमिनीला हात हात भेगा, मधेच शिंपल्यांचा खच, तुटकी जाळी. देवळाच्या काळ्या दगडांवर वाळलेल्या गाळाची पुटं. तिने पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग जे सुरू झालं ते मला अपेक्षित नव्हतं. ती रडली नाही. ती पत्ते सांगू लागली. हितं सोनाराचं, तिथं चावडी, हिकडून नदीचा उतार. मधेच चुकायची, स्वतःवरच चिडायची, परत देवळाच्या दाराशी येऊन मोजायला सुरुवात करायची. "आमचं घर ह्या अंगाला. दारात आड. आडाचं पानी गोड." घराच्या जागी सपाट चिखल होता. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. आड काही सापडला नाही.

मोठी लेन्स मी गाडीतच ठेवली होती. कॅमेऱ्यावर होती ती जुनी ५० ची. उजेड समोरून, तिचा चेहरा सावलीत, आणि फोकस हाताने करायचा. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "देऊळ समदं येऊ दे." मी मागे सरकत गेलो. तिथे मागे भिंत नव्हती. तीन फोटो घेतले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच, २१ मेला, कुगाव ते कळाशी येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. आईने बातमी ऐकून मला बजावलं, की होडीत बसायचं बास आता. मी हो म्हटलं. ऑगस्टात धरण भरलं. देऊळ पुन्हा पाण्यात गेलं.

फोटो संगणकावर मोठा करून दाखवला तो त्या गणपतीत. तिने पडद्याजवळ खुर्ची ओढायला लावली. स्वतःकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. देवळाच्या शिखरापासून बोट खाली आणलं, उजवीकडे सरकवलं, चित्र संपत आलं तिथे थांबवलं. "हे मोठं कर." केलं. अगदी कडेला, गाळातून वर आलेली दगडांची एक अर्धवट कमान होती. चारच दगड, पण गोलाईत बसवलेले.

"आड," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "मी उलट्या अंगाला हुडकत हुते."

तो आडच आहे की कुणाच्या ओट्याचे दगड, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मामाने पाहिलं आणि तो गप्प राहिला. मामेभाऊ म्हणाला, पुढच्या उण्याला जाऊन बघू. अशी वाट बघणं मनाला कसंसंच वाटतं, कारण धरण उणे होण्याची वाट बघायची म्हणजे दुष्काळाचीच.

प्रिंट काढायला स्टुडिओत गेलो तेव्हा आई बरोबर आली. स्टुडिओवाल्याकडे दहा बाय बाराची फ्रेम तयार होती. तो म्हणाला, "आजी, यात छान बसेल. उजवीकडचं थोडं जाईल, तिथं तसंही काही नाही."

"कड कापू नगंस," आई म्हणाली.

मग बारा बाय अठराची सांगितली. फ्रेम करायला चार दिवस लागले.